‘दीदी, प्लीज कुणाला सांगू नकोस’: हॉस्टेलमधल्या मेन्टॉर मंडळींचे प्रश्न

अ‍ॅडमिशनचे राऊंड संपले, गाद्या-बादल्या घेऊन पोरं हॉस्टेलला पोचली, की महिनाभरात आमच्याकडे मेल यायला लागतात. दरवर्षी ते फ्रेशर्सचे असतात, यावेळी मात्र त्यांना सांभाळणाऱ्या सेकंड इयर-थर्ड इयरवाल्यांचेच जास्त आलेत, म्हणून आजचा कॉलम मुख्यतः त्यांना. मी स्वतः चार वर्षं हॉस्टेलला काढली आणि नंतर अकरा वर्षं रेक्टर होते, त्यामुळे खाली जे आहे ते थोडं नियमातलं आणि बरंचसं जिन्यात पोरींबरोबर बसून कळलेलं. पत्रं लांब होती, छाटलीत, आणि नावं सगळ्यांचीच काढलीत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगला सेकंड इयरला आहे, गाव लातूरकडचं. आमच्या हॉस्टेलला यावर्षीपासून मेन्टॉर सिस्टीम सुरू झालीय आणि माझ्याकडे फर्स्ट इयरच्या सहा मुली आहेत. पाच जणी मजेत आहेत, एक मात्र रूममधून बाहेरच येत नाही. मेसला येत नाही, बिस्किटांवर राहते, रूममेट म्हणते रात्री रडते. मी विचारलं तर म्हणाली घरची आठवण येते, पण दीदी प्लीज कुणाला सांगू नकोस. मी हो म्हणाले. आता मलाच झोप लागत नाही. रेक्टर मॅडमना सांगितलं तर तिचा विश्वास जाणार आणि नाही सांगितलं आणि काही झालं तर?

उत्तर : अगं, तू हो म्हणालीस तिथे चुकलं, पण पहिल्यांदा सगळ्याच हो म्हणतात, मीही म्हणले होते. ते दुरुस्त करता येतं आणि आजच कर. तिच्याकडे जा आणि सरळ सांग की तुझी गोष्ट मी हॉस्टेलभर करणार नाही, पण तुझ्या जिवाची काळजी वाटली तर मी एकटी गप्पही बसणार नाही, आणि कुणाला सांगितलं तर आधी तुला सांगून मगच सांगेन. चिडेल थोडी. चिडू दे. पाठीमागून रेक्टरला कळलं तर त्याचा राग वर्षभर राहतो, तोंडावर सांगितलेल्याचा दोन दिवसांत जातो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आता, घरची आठवण आणि हे जे चाललंय ते एकच आहे का ते बघ. नुसती आठवण येणारी मुलगी रविवारी फोनवर रडते आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये हसते, गणपतीला घरी जाते आणि लाडवांचा डबा घेऊन परत येते. जेवण बंद, झोप उलटीपालटी, अंघोळीचा कंटाळा, लेक्चर बुडतायत, घरचा फोन वाजत राहतो आणि उचलत नाही, मध्येच ‘मी नसले तरी काय फरक पडतो’ असलं काहीतरी बोलून जाते, यातलं दोन-तीन एकदम दिसलं आणि दोनेक आठवडे टिकलं तर ती आठवण नव्हे. (ते शेवटचं वाक्य एकदा जरी कानावर आलं तरी दोन आठवडे थांबायचं नाही.) तेव्हा विचारायचं, आणि गोल गोल नाही विचारायचं, ‘तुला मरावंसं वाटतं का गं’ असंच विचारायचं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार डोक्यात येतो ही भीती खोटी आहे, डॉक्टर लोक हे कधीपासून सांगतायत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं, किंवा उत्तरच आलं नाही आणि ती नुसती भिंतीकडे बघत बसली, तर तिला एकटं सोडायचं नाही, एकीने तिच्याजवळ थांबायचं, दुसरीने रेक्टरना उठवायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर सहाही जणींच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून दे, गरज पडल्यावर शोधत बसायला नको.

पण एक किस्सा सांगते, कारण आपण मनाशी जे कारण धरून बसतो तेच असतं असं नाही. मी रेक्टर असताना आमच्या मेसच्या मावशी एक दिवस रजिस्टर घेऊन ऑफिसात आल्या. ‘मॅडम, ह्या पोरीचे खाडे बघा.’ सलग नऊ दिवस दोन्ही वेळचे खाडे, पेन्सिलीने मारलेल्या छोट्या छोट्या फुल्या, आणि सुट्टीची चिठ्ठी नाही काही नाही. तिच्या मेन्टॉरला बोलावलं, तर ती बिचारी रोज स्वतःच्या ताटातल्या दोन पोळ्या टिशूत गुंडाळून तिला नेऊन देत होती आणि ‘होमसिक आहे मॅडम, होईल नीट’ म्हणत होती. दोघींना समोर बसवलं, चहा दिला, पाऊण तास गेला, तेव्हा कुठे निघालं की घरी सोयाबीनचे पैसे अडकलेत, हॉस्टेल फीचा दुसरा हप्ता राहिलाय, आणि खाडे केले की मेसबिल कमी येतं असं तिला कुणीतरी सांगितलेलं. म्हणजे पोरगी बापाचे पैसे वाचवायला उपाशी राहत होती! आणि वर गंमत अशी की आमच्याकडे चिठ्ठी न देता केलेला खाडा बिलातून वजाच होत नव्हता. मग मेन्टॉर तिला घेऊन अकाऊंट्सला गेली, हप्ते पाडून घेतले, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा फॉर्म कशासाठी परत आला होता ते शोधलं (उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा होता, दुसरं काही नाही). आठवड्याने पोरगी मेसमध्ये.

तेव्हा तू अंदाज बांधत बसू नकोस. आज जेवणाच्या वेळेला जा, पण दारात उभी राहून ‘चल जेवायला’ म्हणू नकोस, त्याला ‘तू जा, मी येते’ हे उत्तर तयारच असतं. ‘मला एकटीला जायचा कंटाळा आलाय, चप्पल घाल’ म्हण आणि तिथेच उभी राहा. काऊन्सेलरकडे जायचं ठरलं तर नंबर फॉरवर्ड करून मोकळी होऊ नकोस, सोबत जा, बाहेरच्या बाकावर बस, आत तिला एकटीला जाऊ दे. आणि रेक्टरना सांगितल्यावर तुझी झोप तू घे. तुझीही सबमिशन्स आहेत, जर्नल आहे, तू तिची आई नाहीयेस, दीदी आहेस, आणि दीदीने रात्री अकरानंतर फोन सायलेंटवर ठेवून दुसऱ्या मेन्टॉरचा नंबर देऊन ठेवला तर त्यात काही पाप नाही, नाहीतर डिसेंबरमध्ये तुझीच केटी लागते (म्हणजे विषय राहतो) आणि मग तुलाच कुणीतरी मेन्टॉर बघावा लागतो.

प्रश्न : मॅडम नमस्कार. नागपूर, थर्ड इयर, बॉईज हॉस्टेल. आमच्याकडे फ्रेशर्सची ‘इंट्रो’ घ्यायची पद्धत जुनी आहे. मारहाण वगैरे काही नाही, फक्त रात्री टेरेसवर बोलावतो, नाव-गाव, सिनिअर्सची नावं पाठ, एखादं गाणं-डान्स. याच्यातूनच बॉन्डिंग होते, नंतर हेच सिनिअर नोट्स देतात, कुणी आजारी पडला तर हॉस्पिटलमध्ये नेतात. आता कॉलेजने आम्हालाच मेन्टॉर केलंय आणि इंट्रो बंद म्हणतात. मग ओळख व्हायची कशी?

उत्तर : अरे, तू प्रामाणिकपणे विचारलंस म्हणून नीट उत्तर देते, नाहीतर हा मेल मी सरळ तुमच्या अँटी-रॅगिंग कमिटीला पाठवला असता.

एक साधी परीक्षा सांगते. त्या पोराला ‘नको दादा, झोप आलीय’ म्हणून खाली जाता येतं का? आणि गेला तर दुसऱ्या दिवशी नोट्स मिळतात का? दोन्हीला हो असेल तर ओळख आहे. एकालाही नाही असेल तर तुम्ही त्याला काही म्हणा, कायद्यात त्याला रॅगिंग म्हणतात. आणि ओळखच करायची तर रात्री दोन वाजता टेरेसवर का रे, संध्याकाळी सहाला चहाच्या टपरीवर का नाही? ‘फक्त गाणं’ हे तुझ्यासाठी फक्त आहे, तू घोळक्यात उभा असतोस. जो मधोमध उभा असतो, त्यातून जो तोतरा आहे किंवा ज्याची भाषा वेगळी आहे, त्याला विचार.

महाराष्ट्रात याचा कायदा १९९९ पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढलं की पाच वर्षं दुसरीकडे अ‍ॅडमिशन नाही. देशपातळीवर रॅगिंग कसं रोखायचं यावरचा राघवन समितीचा रिपोर्ट २००७ चा, आणि २००९ मध्ये हिमाचलातल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा फर्स्ट इयरचा मुलगा सिनिअर्सच्या मारहाणीत गेला, त्यानंतर त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आले, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आली. तू दरवर्षी ऑनलाइन जे अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र न वाचता सबमिट करतोस ना, ते यातलंच. आणि टेरेस सोडून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंट्रो घेऊ असं डोक्यात असेल तर तेही राहू दे, २०२५ मध्ये यूजीसीने असे ग्रुप काढून ज्युनिअर्सना छळणं हेही रॅगिंगच धरायला सांगितलंय.

पण गंमत बघ, ज्या २००९ च्या नियमांना तुम्ही लोक ‘इंट्रो बंद करणारे’ म्हणून शिव्या घालता, त्याच नियमांत मेन्टॉरिंग सेल लिहिलेला आहे. स्वतःहून पुढे आलेल्या मुलांतून सहा फ्रेशर्समागे एक मेन्टॉर, आणि अशा सहा मेन्टॉरांमागे त्यांच्या वरच्या बॅचचा एक. बहुतेक कॉलेजं यातला सहाचा आकडा घेतात आणि वरचा मजला विसरतात, त्यामुळे तुमच्यासारख्या पोरांना विचारायला कुणीच उरत नाही, तो राग मात्र माझा कॉलेजांवर आहे, तुमच्यावर नाही. तुमच्या फायनल इयरवाल्यांना या वरच्या पायरीवर बसवा म्हणून कमिटीला लिहून द्या.

ओळख कामातून होते रे. पहिल्या आठवड्यात त्यांना कुलूप कुठलं घ्यायचं, झेरॉक्स कुठे स्वस्त, कुठल्या सरांच्या लॅबला अ‍ॅप्रन विसरलं की बाहेर काढतात, पाण्याची टाकी किती वाजता संपते, हे सांगा. हॉस्पिटलमध्ये नेता ते चांगलंच करता, त्याला आधी टेरेसवर नाचवायची अट कशाला?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला पालक आहे. मुलगा मुंबईला हॉस्टेलवर. कॉलेजने कळवलं की त्याला ‘स्टुडंट मेन्टॉर’ दिला आहे. चौकशी केली तर तो मेन्टॉर जेमतेम वीस वर्षांचा! ज्याला स्वतःलाच अजून कळायचंय त्याच्या भरवशावर आम्ही मुलगा कसा सोडायचा? मी त्या मेन्टॉरचा नंबर मिळवला आहे, आठवड्यातून एकदा फोन करत जाऊ का?

उत्तर : नमस्कार दादा. तुमची काळजी कळते, पण फोन करू नका. तो मेन्टॉर तुमचा खबऱ्या झाला की तुमचा मुलगा त्याला काही सांगायचं बंद करेल, आणि मग तुम्हालाही काही कळणार नाही आणि त्यालाही. नंबर ठेवा, मुलगा दोन दिवस फोनच उचलत नाही अशी वेळ आली तर तेव्हा जरूर लावा.

वीस वर्षांचाच का, तर मुलगा पहिल्या परीक्षेत नापास झाला हे प्राध्यापकाला सांगायला त्याची जीभ रेटत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही, गेल्या वर्षी त्याच पेपरात आपटलेल्या पोराला मात्र तो हसत हसत सांगतो. पवईला आयआयटीत हे काम मुलांनीच मुलांसाठी चालवलेलं आहे, आयएसएमपी (इन्स्टिट्यूट स्टुडंट मेन्टॉरशिप प्रोग्रॅम) म्हणतात, सिनिअर मुलांच्या मुलाखती घेऊन निवडतात, आणि अभ्यासाच्या मदतीसाठी डिपार्टमेंटचे मेन्टॉर वेगळे. भरवसा त्या पोरावर नाही ठेवायचा, त्याच्या मागे रेक्टर, काऊन्सेलर, फॅकल्टी अशी साखळी आहे का यावर ठेवायचा, आणि हा प्रश्न तुम्ही कॉलेजला जरूर विचारा, लेखी विचारा.

प्रश्न : ताई मी नंदुरबार जिल्ह्यातला, पावरा समाजाचा, घरात कॉलेजला आलेला पहिलाच. मुंबईत फर्स्ट इयरला आहे. माझा मेन्टॉर वाईट नाहीये पण पहिल्याच मीटिंगला त्याने सगळ्यांना गोल बसवून नाव, शहर आणि सीईटीचे पर्सेंटाइल विचारले. माझी पाळी आली तेव्हा मी खोटं सांगितलं. आता ग्रुपवर सगळं इंग्लिशमधे चालतं, मी फक्त थम्स अप टाकतो. मेन्टॉर बदलून मागू का?

उत्तर : मागू शकतोस, हक्क आहे तुझा, पण आधी एक करून बघ. त्याला एकट्याला गाठ आणि सांग की त्या दिवशी पर्सेंटाइल विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, मला ओशाळल्यासारखं झालं. पोरगा बरा असेल तर त्याचाच चेहरा पडेल. शहरातल्या बऱ्याच पोरांना खरंच कळत नाही की रँक विचारणं म्हणजे आपल्याकडे कोटा विचारणं असतं, आणि कोटा विचारणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. कळून-सवरून विचारणारेही असतात, तसा निघाला तर मेन्टॉर बदल आणि कॉलेजच्या एससी-एसटी सेलला कळव, गप्प बसू नको.

हे वाचणाऱ्या मेन्टॉरांनो, पहिल्या मीटिंगला मार्क, रँक, आडनावावरून ‘म्हणजे तुम्ही कोण’, वडील काय करतात, यातलं एकही विचारायचं नाही. काय खायला आवडतं विचारा, रात्री किती वाजता झोपता विचारा, त्याने रूममेटची भांडणं तरी आधी कळतील.

आणि ग्रुपवर तू पहिला मेसेज मराठीत टाक. मी पैज लावते, तासाभरात अजून दोघं मराठीत लिहितील, तेही थम्स अपवरच जगत असणार. पावरीत लिहिणारा भेटला तर मला कळव, मला आनंद होईल. लेक्चर कळत नाही ते वेगळं दुखणं, त्यासाठी जो गेल्या वर्षी मराठी मीडियममधून आला आणि पास झाला असा सेकंड इयरचा एक शोध, ऑफिसने दिलेल्या मेन्टॉरशिवाय दुसरा मेन्टॉर धरू नये असा काही नियम नाही.

पैशाचंही विचारतेच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कुठली कुणाला लागू ते ऑफिसात विचार, मेन्टॉरला सोबत ने, त्यालाही कळू दे ही खिडकी कुठल्या मजल्यावर असते.

जाता जाता, तू जिथे बसून हे लिहितोयस ना, तशी हॉस्टेलं आपल्याकडे मुळात तुझ्यासारख्या पोरांसाठीच उभी राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग काढायला सुरुवात केली, आणि १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एकाच छपराखाली, एकाच पंगतीला बसवली, झाडलोट-स्वयंपाकही पोरांनीच वाटून करायचा. तेव्हा हॉस्टेलमध्ये पाहुणा असल्यासारखा भिंतीला चिकटून चालू नको.

प्रश्न : हाय ताई, मी ठाण्याचा, सध्या अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत बॅचलर्स करतोय. पुढच्या वर्षी डॉर्ममध्ये आरए (रेसिडेंट असिस्टंट, मजल्यावरच्या मुलांकडे बघणारा विद्यार्थी) व्हायचा विचार आहे, रूम फ्री मिळते म्हणून. घेऊ का?

उत्तर : रूम फ्री मिळते, बऱ्याच ठिकाणी जेवणही, तेव्हा मोह बरोबरच आहे. पण ती नोकरी आहे बाबा, आपल्याकडच्या मेन्टॉरसारखी मनात आलं तर करायची गोष्ट नाही. ड्युटीच्या रात्री बिल्डिंग सोडता येत नाही, पहाटे तीनला कुणीतरी चावी आत ठेवून टॉवेलवर बाहेर अडकलेलं असतं, आणि फायर अलार्म वाजला की बर्फात सगळा मजला खाली उतरवायचा, मग कळतं की कुणीतरी देसी पोराने फोडणी केली होती. शिवाय तिकडच्या बहुतेक युनिव्हर्सिट्यांमध्ये कुणी तुला लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर ते वर कळवणं आरएला बंधनकारक असतं, मित्र म्हणून सांगितलं असं चालत नाही, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ ला उत्तर काय द्यायचं ते पहिल्या प्रश्नात वाच, तेच तिथेही चालतं. तू एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असशील तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करायची मुभा असते, आरएचे तास त्यात कसे धरतात ते सही करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार. लायब्ररीतली दुसरी नोकरी चालू असेल तर तिथेच गणित फसतं. आणि स्कॉलरशिप किंवा एड (आर्थिक मदत) मिळत असेल तर फ्री रूममुळे ती कमी होते का हेही विचार.

प्रश्न : मॅडम, मेन्टॉरशिपचं सर्टिफिकेट मिळतं का? रेझ्युमेवर टाकता येईल का? आणि किती मुलांना भेटलं म्हणजे पूर्ण धरतात?

उत्तर : मिळतं बऱ्याच ठिकाणी, टाका रेझ्युमेवर, मला काही आक्षेप नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या मेसमधल्या मावशींना विचार, तुझ्या सहा जणांपैकी कालच्या रात्री जेवायला कोण कोण आलं नव्हतं ते त्यांना पाठ असेल.